लेहचे ऋतुचक्र आणि ऋतुचर्येचे काही प्रश्न

ऋतुचर्येचा अध्याय आपण सर्वांनीच पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ केलेला असतो. मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत ही मालिका जिभेवर इतकी रुळलेली असते की रुग्णाने महिना सांगितला की ऋतू आणि ऋतू सांगितला की दोष आपोआप आठवतो. महाराष्ट्रात राहून महाराष्ट्रातील रुग्ण तपासताना या सवयीने फारसे अडत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपले रुग्ण मोठ्या संख्येने लडाखला जाऊ लागले आहेत. कोणी विमानाने, कोणी पुण्या-मुंबईहून थेट मोटारसायकलवर, कोणी सैन्यातील मुलाला भेटावयास. निघण्यापूर्वी ते आपल्याकडे येऊन विचारतात, "वैद्यराज, तिकडे थंडी फार असते म्हणतात, काय घेऊन जाऊ?" या प्रश्नास आम्ही एकेकाळी जे उत्तर देत असू ते अपुरे होते, आणि एका प्रसंगी ते धोक्याचेही ठरले. त्या अनुभवामुळेच लेह नगराच्या ऋतुमानाचा आम्ही जरा नेटाने अभ्यास केला. जुलैमध्ये एकदा व फेब्रुवारीमध्ये एकदा प्रत्यक्ष तेथे जाऊन राहिलो. त्यातून जे हाती लागले ते वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

भूमी आणि हवा

लेह सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर, सिंधू नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. उत्तरेस लडाख पर्वतरांग, दक्षिणेस नदीपलीकडे स्तोकची शिखरे. मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात. त्यामुळे येथे वर्षभरात पाऊस व बर्फ मिळून सुमारे १०० मिलिमीटर एवढीच वृष्टी होते. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दिवशी पडावा तेवढा पाऊस लेहला वर्षभर पुरवायचा असतो! बर्फाच्या चित्रांमुळे पुष्कळांचा समज होतो की लेह म्हणजे बर्फात बुडालेले गाव. वस्तुतः बर्फ भरपूर पडते ते झोजिला आणि द्रासच्या बाजूस. लेहमध्ये थंडी अतितीव्र, पण बर्फ बेताचे. आकाश वर्षातील बहुतेक दिवस निरभ्र. जानेवारीत रात्रीचे सरासरी तापमान उणे १४-१५ अंश सेल्सिअस असते व अनेक रात्री ते उणे २० च्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी २५ अंश व क्वचित ३० च्या पुढे. याच दिवसांत रात्री मात्र १० अंशांच्या आसपास.

चरकाचार्यांनी विमानस्थानात जांगल देशाचे जे वर्णन केले आहे, त्यात पाणी थोडे, वृक्ष थोडे, वारा भरपूर आणि ऊन भरपूर ही चार लक्षणे सांगितली आहेत. ती चारही लेहला तंतोतंत लागू पडतात. जांगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मारवाड उभे राहते आणि 'उष्ण' हा शब्द नकळत त्यास चिकटतो. लेह हा शीत जांगल देश होय. रूक्ष, लघु, खर, चल आणि त्यात शीत. वायूचे इतके गुण एका ठिकाणी आम्ही अन्यत्र पाहिले नाहीत. ओठ फुटणे, नाकातून रक्ताचे कण येणे, त्वचेस भेगा पडणे, मलावष्टंभ, निद्रानाश ही लक्षणे तेथे उतरलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या माणसात आम्ही पाहिली, आमच्यातही पाहिली.

परंतु आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला आपल्या ऋतुचर्येत थेट शब्द नाही. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, २१ टक्के. पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू सुमारे एक तृतीयांशाने कमी. ऊन असो, थंडी असो, लेहमध्ये ही उणीव बाराही महिने असते. म्हणून लेहचा विचार केवळ ऋतूने पुरा होत नाही. देश आणि काल हे दोन्ही एकत्र धरावे लागतात.

ऋतू मोजावयाचे कशाने?

येथे अष्टांगसंग्रहकारांनी केलेली एक सूचना आम्हांस फार मोलाची वाटते. ऋतू ओळखण्याची तीन साधने ते सांगतात: मास, राशी आणि ऋतूचे प्रत्यक्ष स्वरूप. या तिघांत पुढचे पुढचे अधिक बलवान मानून चर्या ठरवावी, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. म्हणजे पंचांग सर्वांत दुर्बल आणि डोळ्यांना दिसणारे, त्वचेला जाणवणारे ऋतुस्वरूप सर्वांत प्रबळ. सुश्रुतसंहितेतही ऋतूंच्या दोन मालिका आहेत, एकीत शिशिर आहे तर दुसरीत त्याऐवजी प्रावृट्. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक म्हणून प्रावृट् व उत्तरेस थंडी अधिक म्हणून शिशिर, असा खुलासा टीकाग्रंथांत मिळतो. देशानुसार ऋतू बदलतात हे आपल्या आचार्यांना पूर्ण ठाऊक होते. आपणच पुढे सहा ऋतूंचा तक्ता भिंतीवर टांगून स्वस्थ बसलो.

स्वरूपाने मोजले तर लेहचे वर्ष आम्हांस असे दिसते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत हेमंत-शिशिराचा एकच दीर्घ पट्टा, पाच महिन्यांहून अधिक. एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत वाऱ्याचा व धुळीचा वसंत. तेथून ऑगस्टअखेरपर्यंत ग्रीष्म, पण रात्री शीत असलेला. सप्टेंबर व ऑक्टोबरचा आरंभ हा स्वच्छ, सुंदर शरद. वर्षा ऋतू नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चार-दोन सरी येतात. भूबाष्प, पाण्याचा अम्लपाक, कुंद हवा ही वर्षेची लक्षणे त्यांतून उत्पन्न होत नाहीत.

मग वर्षेत होणारा वातप्रकोप आणि शरदातला पित्तप्रकोप यांचे लेहमध्ये काय करावयाचे? हा प्रश्न आम्ही तेथील एका वयोवृद्ध आमचींना विचारला. 'आमची' म्हणजे लडाखमधील पारंपरिक वैद्य. मराठी कानाला हा शब्द पहिल्याच भेटीत आपलासा वाटतो, ही त्यातली गंमत. त्यांची सोवा-रिग्पा पद्धती आपल्या शास्त्राची निकटची आप्त आहे. लुङ्, ठीपा आणि बेकन हे तीन दोष आपल्या वात-पित्त-कफांचे प्रतिरूप. अष्टांगहृदयाचे तिबेटी भाषांतर अकराव्या शतकात झाले व त्या कार्याशी रिंचेन झांगपो या महान भाषांतरकाराचे नाव जोडलेले आहे. याच झांगपोंनी लेहजवळ न्यारमा येथे विहार स्थापिला. २०१० मध्ये सोवा-रिग्पाला भारतीय चिकित्सापद्धती म्हणून कायद्याने मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये लेह येथे राष्ट्रीय सोवा-रिग्पा संस्थेस केंद्र सरकारने मंजुरी दिली. या पद्धतीच्या ग्युशी या मूळ ग्रंथातही ऋतू सहाच आहेत, आणि त्यांत पावसाळाही आहे!

आमचीजी हसले. म्हणाले, "ग्रंथ जेथे लिहिला गेला तेथील पाऊस ग्रंथात राहणारच. आम्ही महिना ग्रंथातून घेतो आणि ऋतू आभाळातून." संग्रहकारांचे सूत्र त्यांनी वाचलेले नव्हते, तरी उत्तर तेच दिले.

दीर्घ शिशिर आणि सातूचे कोडे

हेमंतात बाहेरील शीतामुळे शरीरोष्मा आत कोंडतो, अग्नी प्रबळ होतो, त्यास पुरेसे गुरु-स्निग्ध अन्न न मिळाल्यास तो धातूंनाच पचवू लागतो व वायू कोपतो, हा सिद्धान्त लेहमधील स्थानिक लोकांच्या राहणीत जणू आखून दाखविलेला आहे. संहितेत हेमंतासाठी भूमिगृह व उष्ण गर्भगृह सांगितले आहे. जुन्या लडाखी घरात तळमजल्यावर गुरे असतात आणि वरच्या मजल्यावर चुलीभोवतीचे स्वयंपाकघर, जेथे हिवाळ्यात सारे कुटुंब दिवस काढते. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या. अलीकडच्या घरांतून दक्षिणेस काचेची खोली असते, तिला शेलखङ् म्हणतात. बाहेर उणे दहा असताना त्या खोलीत दुपारी स्वेटर काढावा लागला, हा आमचा फेब्रुवारीतला अनुभव. आतपसेवनाची याहून सुबक योजना आम्ही पाहिली नाही.

आहाराकडे पाहिले आणि आम्ही प्रथम गोंधळलो. लडाखचे मुख्य धान्य यव. भाजलेल्या यवाचे पीठ, ङ्गाम्फे, हे त्यांचे रोजचे अन्न. यव व वाटाण्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, पाबा, हेही तसेच. आणि यव तर आपल्या ग्रंथांत रूक्ष, शीत, वायू व मल वाढविणारा, कफ कमी करणारा असा वर्णिलेला आहे. वसंतात व प्रमेहात आपण तो मुद्दाम योजतो. मग वातप्रधान देशात, वातप्रधान ऋतूत, पिढ्यान्‌पिढ्या यवावर जगणारी माणसे अशी दणकट कशी?

उत्तर संस्कार व संयोगात आहे, असे आमचे मत झाले. यव आधी भाजला जातो, म्हणजे अग्निसंस्काराने लघु होतो. पुढे तो कोरडा खाल्ला जात नाही. लोणी आणि मीठ घालून लाकडी नळकांड्यात घुसळलेल्या चहात, गुरगुर चहात, तो कालवतात. थुक्पा व स्क्यू हे प्रकार मांसरसात किंवा मुळांच्या भाज्यांसह शिजवलेले, कढत आणि पातळ. लवण, स्नेह, उष्ण आणि द्रव ही वायूची चारही प्रतिपक्षे एका वाटीत येतात. मीठ पूर्वी चांगथांगच्या खाऱ्या सरोवरांतून येई. यवाचे स्थैर्यकर व बल्य हे गुण ठेवून रूक्षता काढून घेणारी ही पाकक्रिया कोणा शास्त्रकाराने नव्हे, घरातल्या बायकांनी सिद्ध केली आहे. शिवाय ओकसात्म्य आहेच. जन्मापासून सवयीचे झालेले अन्न अपथ्य असूनही बाधत नाही, हे आपण जाणतोच.

हिवाळ्यात ताजी भाजी पूर्वी नसेच. गाजर, मुळा, सलगम जमिनीतील खड्ड्यांत साठवीत, पाला सुकवीत, जर्दाळू वाळवीत. जर्दाळूच्या बियांचे तेल अभ्यंगास व दिव्यास. रस्ता बंद होण्याचा काळ पूर्वी पाच-सहा महिन्यांचा असे. झोजिला अलीकडे अधिक काळ उघडी ठेवता येते आणि विमानाने भाजीपाला येतो. यातून सोय झाली हे खरेच, पण मैदा, साखर आणि पाकिटातील खाऊही त्याच विमानातून आला. ज्या वृद्धेच्या घरी आम्ही उतरलो होतो तिचा नातू ङ्गाम्फेकडे पाहतही नसे.

सात्म्याचा हा सारा विचार स्थानिकांसाठी आहे. हाच गुरु-स्निग्ध आहार नव्याने आलेल्या माणसास 'हेमंत आहे' म्हणून सांगणे ही घोडचूक होय. उंचीवर आलेल्या नव्या माणसाचा अग्नी पहिल्या दोन-तीन दिवसांत मंद असतो. अरुची, उत्क्लेश, कधी वमन. तेथे लघु, उष्ण, द्रव, वारंवार थोडे थोडे, हाच क्रम. पेज, मुगाचे कढण, सुंठ घातलेले कोमट पाणी. एकाच गावात, एकाच ऋतूत, एकाच घरात यजमानाचा हेमंत आणि पाहुण्याचा हेमंत असे वेगळे पडतात.

वसंतातील कास

वसंतात सूर्यकिरणांनी कफ विलयन पावतो, कास-प्रतिश्याय वाढतात, म्हणून वमन, हा आपला ठाम पाठ. लेहमध्येही हिवाळा संपताना खोकला फार. प्रथम आम्हांस वाटले, सिद्धान्त बरोबर जुळला. पण खोकणाऱ्यांत मध्यम व वृद्ध वयाच्या स्त्रिया अधिक, कफष्ठीवन थोडे, आणि दम मोठा. येथे आधुनिक संशोधनाने आमचे डोळे उघडले. १९९१ च्या सुमारास लेह परिसरातील खेड्यांवरील जे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांत खाणकामाशी काडीचाही संबंध नसलेल्या शेतकरी लोकांच्या फुप्फुसांत वाळूच्या बारीक कणांमुळे होणारा सिलिकोसिस आढळला. कारण वसंतातील धुळीची वादळे. त्यात भर हिवाळाभर बंद खोलीत चुलीच्या धुराची. म्हणजे हा कास ऋतुजन्य आहे, पण ऋतूतील कफामुळे नव्हे. ऋतूतील रज आणि धूम यांमुळे आहे. आपल्या कास-श्वास निदानांत रज व धूम हे हेतू प्रथमच सांगितलेले आहेत, आपण ते वाचून पुढे जातो. अशा रुग्णास वसंत आहे म्हणून वमन दिले असते तर काय झाले असते, याचा विचार करून आम्हांस आजही अस्वस्थ वाटते. लडाखमध्ये चार-आठ दिवसांचे 'पंचकर्म शिबिर' भरविण्याचे बेत कोणी आखीत असल्यास प्रथम छातीचे क्ष-किरण चित्र पाहावे, एवढीच विनंती.

वसंताचीच आणखी एक अडचण पाण्याची. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि डोंगरमाथ्यावरील हिमनद्या वितळू लागतात जूनमध्ये. ऐन गरजेला ओढे कोरडे. चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यांनी यावर उपाय शोधला: हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी गावाजवळच्या कमी उंचीवरील सावलीच्या उतारावर वळवून तेथे गोठवावयाचे, म्हणजे ते वसंतारंभीच वितळते. या कृत्रिम हिमनद्यांसाठी त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी याच तत्त्वावर बर्फाचे स्तूप उभे केले. शिशिरातील संचय वसंतात कामी आणण्याची ही युक्ती पाहून आम्हांस दोषांचा संचय-प्रकोप आठवला, एवढे खरे.

आषाढातला प्रवासी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपले बहुसंख्य रुग्ण लेहला जातात ते मे ते सप्टेंबरमध्ये, आणि त्यातही शाळेच्या सुटीस किंवा पावसाळ्यास अनुसरून जून-जुलैत. समजा, एक गृहस्थ आषाढात कोकणातून निघाले. शरीर वर्षा ऋतूचे: अग्नी मंद, क्लेद वाढलेला, वायू कोपलेला. पहाटे मुंबई सोडून दिल्लीमार्गे ते दुपारपर्यंत लेहला उतरतात. बाहेर दिवसा ग्रीष्म, रात्री शिशिर. अष्टांगहृदयात ऋतुसंधीचा काळ चौदा दिवसांचा सांगितला आहे. जाणाऱ्या ऋतूची चर्या हळूहळू सोडावी व येणाऱ्याची हळूहळू धरावी. एकदम सोडल्यास व एकदम धरल्यास असात्म्यज रोग होतात. आमच्या या गृहस्थांनी चौदा दिवसांचे काम सहा-सात तासांत उरकले आहे, आणि शिवाय साडेतीन हजार मीटर चढले आहेत.

अशाच एका रुग्णाची हकिकत. वय पन्नाशीच्या पुढे, प्रकृती सडपातळ, दरवर्षी हिवाळ्यात कोरडा खोकला. निघण्यापूर्वी आम्ही त्यांना अभ्यंगास तेल, सितोपलादी आणि 'तूप भरपूर खा' असा सल्ला दिला. लेहला पोहोचल्यावर दुसऱ्या रात्री त्यांचा दूरध्वनी आला. खोकला वाढला आहे, छाती जड आहे, पडून राहिले की दम लागतो. दिवसभर ते गावात हिंडले होते, टेकडीवरील स्तूपही चढून आले होते. आम्ही विचारले, खोकला कोरडा की ओला? ताप आहे का? थंड पाणी प्यालात का? नेहमीचेच प्रश्न, नेहमीच्याच रुग्णाला. शीत-रूक्षाने वाढलेला त्यांचा जुनाच कास समजून सितोपलादी मधातून वारंवार घ्या, छातीस ऊब द्या, झोपा, असे सांगितले. पहाटे सोबतच्यांना त्यांचे ओठ निळसर दिसले म्हणून त्यांनी रुग्णालय गाठले. फुप्फुसांत पाणी झाले होते. प्राणवायू मिळाला, नंतर विमानाने खाली आणले, जीव वाचला. तो सोबत्यांच्या शहाणपणामुळे वाचला, आमच्या सल्ल्यामुळे नव्हे. त्या रात्री विचारावयाचा प्रश्न एकच होता: "लेहला पोहोचून किती तास झाले, आणि स्वस्थ बसले असताना दम लागतो का?" तो आम्ही विचारला नाही.

चरकाचार्यांनी काल दोन प्रकारचा मानला आहे: संवत्सररूपी नित्यग आणि आतुराच्या अवस्थेनुसार आवस्थिक. लेहमधील नव्या माणसासाठी ऋतूपेक्षा हा दुसरा काल महत्त्वाचा. तो महिन्यांत नव्हे, पोहोचल्यापासूनच्या तासांत मोजावयाचा.

उंचीच्या विकाराचे स्वरूप भारतीय सैन्यातील डॉक्टरांनीच जगापुढे सविस्तर मांडले. १९६९ मध्ये इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, तो निबंध आजही आधारभूत मानतात. सौम्य प्रकारात डोकेदुखी, अरुची, मळमळ, थकवा, झोप न लागणे. पहिल्या दिवशी हे बहुतेकांना थोडेफार होते व विश्रांतीने जाते. दुसरा प्रकार फुप्फुसांत पाणी होण्याचा. साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बहुधा रात्री; श्रम आणि थंडीने वाढतो. प्रथम श्रमाने व पुढे स्वस्थ बसूनही दम, कोरडा खोकला, नंतर फेसाळ व गुलाबी ष्ठीवन. तिसरा मेंदूस सूज येण्याचा. बोलण्यात गोंधळ, तोल जाणे. सरळ रेषेवर टाचेस बोटे लावून चालता न येणे ही त्याची सोपी परीक्षा. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत उपाय म्हणजे प्राणवायू आणि तत्काळ खाली उतरणे. येथे कोणत्याही कल्पाने वेळ दवडू नये. ही लक्षणे तमकश्वास, प्रतमक की क्षतज कास या वादात त्या क्षणी पडू नये. तो वाद रुग्ण खाली आल्यावर सावकाश करता येईल.

आता आम्ही लेहला जाणाऱ्यांना काय सांगतो ते थोडक्यात देतो. विमानाने गेल्यास पहिले दोन पूर्ण दिवस विश्रांती, चढ नाही, मद्य नाही, झोपेची औषधे नाहीत. शिर उघडे ठेवावयाचे नाही. पाणी कोमट, तहानेप्रमाणे. दोन दिवस अभ्यंग केवळ तळपाय, हात व नाकात तुपाचे बोट, एवढाच; सर्वांग अभ्यंग व कढत स्नान पुढे, भूक नीट लागल्यावर. पुढील मुक्काम चढता असेल तर तो बेतानेच वाढवावा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक उंच नसावी. या नियमात सहलींचे कार्यक्रम सर्रास बसत नाहीत. नुब्रा खोरे तुलनेने सुरक्षित, कारण खारदुंगला ओलांडून माणूस पुन्हा लेहहूनही खाली, सुमारे ३,२०० मीटरांवर झोपतो. पँगाँग सरोवर मात्र ४,२०० मीटरांहून उंच आहे आणि तिसऱ्याच रात्री तेथे तंबूत झोपविणारे सहल आयोजक पुष्कळ आहेत. खारदुंगला खिंडीतील फलकावर पूर्वीपासून १८,३८० फूट लिहिलेले असे. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे १७,६०० फूट भरते. फलकाजवळ छायाचित्रासाठी अर्धा तास थांबणाऱ्यांना या फरकाचा दिलासा वाटू नये.

हृदयरोग, फुप्फुसांचा जुना विकार, गर्भारपण, पूर्वी उंचीवर त्रास झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास त्या विषयातील डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये व प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही हेही त्यांनीच ठरवावे. कोणते आयुर्वेदीय रसायन या विकारास प्रतिबंध करते, असे सांगण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही, म्हणून आम्ही तसे देत नाही. लेह येथील संरक्षण खात्याच्या उच्चस्थलीय संशोधन संस्थेत 'सोलो' म्हणजे ऱ्होडिओला व सीबकथॉर्न या स्थानिक वनस्पतींवर बरीच वर्षे काम चालू आहे, त्याकडे आमचे लक्ष आहे.

बदलते स्वरूप

स्वरूपाने ऋतू ओळखावयाचा तर स्वरूप बदलते याचीही नोंद हवी. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. चिखलाचे लोंढे बाजारपेठ, बसस्थानक, शेजारचे चोगलमसर यांतून गेले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. जेथे पाऊस नाही असे गृहीत धरून मातीची सपाट छपरे आणि मातीच्या भिंती बांधल्या, तेथे कालाचा हा अतियोग केवढा घातक ठरला! २०२४ च्या जुलैअखेरीस उलट उष्मा एवढा वाढला की विरळ हवा आणखी विरळ होऊन विमानांची उड्डाणे रद्द करावी लागली. १९७४ मध्ये पर्यटकांसाठी खुले झालेले हे नगर आज उन्हाळ्यात माणसांनी फुलून जाते. झऱ्या-ओढ्यांवर भागणारे पाणी आता कूपनलिकांतून उपसले जाते, आणि पाण्याच्या संडासांचे पाणी त्याच भूमीत मुरते. वायू, उदक, देश व काल या चारांच्या विकृतीचा अध्याय आपल्याकडे विमानस्थानात आहे. तो जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे.

शेवटी एक व्यावहारिक टीप, जी आमच्या लक्षात लेहच्या स्वयंपाकघरात आली. या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांसच उकळते. डाळ म्हणूनच कुकरशिवाय शिजत नाही. आम्ही तेथे दशमूळाचा काढा चतुर्थांश उरवून केला. माप बरोबर उरले, पण रंग आणि चव आमच्या नेहमीच्या काढ्याहून फिकी वाटली. उकळीवर भरवसा ठेवून केलेला क्वाथ तेथे कमी उष्णतेवर झालेला असतो. त्यानंतर आम्ही भरड रात्रभर भिजवून, झाकण ठेवून, अधिक वेळ मंदाग्नीवर आटवीत असू. तिकडे काही काळ राहणाऱ्या रुग्णास काढ्याची भरड देताना एवढे सांगून ठेवावे. तूप आणि तेल हिवाळ्यात बाटलीत दगडासारखे थिजते, म्हणून ती रुंद तोंडाच्या बरणीत द्यावीत. आमची पहिली बाटली आम्हांस चुलीपाशी तासभर धरून बसावे लागले होते.